अकरा वह्या, एक अंगण

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणून अध्यक्षांनी कपाटाची किल्ली हातात दिली आणि पाठोपाठ सूचना आल्या. पाण्याची जोडणी कधी मिळाली ते लिहा, पहिल्या गणपतीचा फोटो छापा, अंगणाला लाद्या बसवल्या त्याचा हिशेब द्या. ते सगळे या अंकात इतरत्र आले आहे. मी इतिवृत्ताच्या अकरा वह्या घरी नेल्या आणि दोन महिने वाचत बसले. पहिली वही १९९० सालची, तिचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. अकरावी अजून चालू आहे. वाचता वाचता लक्षात आले, की पस्तीस वर्षांत असे एकही वर्ष गेलेले नाही, ज्यात विषयपत्रिकेवर ‘आलेल्या तक्रार अर्जांवर विचार करणे’ हा विषय नाही. तेव्हा ठरवले, आपल्या संस्थेच्या भांडणांचाच इतिहास लिहायचा.

अध्यक्ष दचकले. म्हणाले, “ताई, स्मरणिका आहे ही. जाहिरातदार वाचतात, सुना-जावई वाचतात.” मी म्हटले, नाव कोणाचेही घालणार नाही आणि घरांचे नंबरही बदलून टाकते. या अटीवर मंजुरी मिळाली. तेव्हा पुढे ‘सहा नंबर’, ‘सात नंबर’ असे आले तर कृपया कोणी स्वतःच्या दरवाजाकडे बघू नये.

नव्या पिढीसाठी थोडे मागे जाते. आपले चारकोप जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातले. तो प्रकल्प १९८५ साली सुरू झाला. सरकारने तयार घर द्यायचे नाही. भूखंड, रस्ता, पाणी, गटार, दिवे एवढे द्यायचे आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने, जमेल तेव्हा बांधायचे, अशी ती कल्पना. म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी हे भूखंड पाडले. आपल्याकडे पस्तीस-पस्तीस भूखंडांचा एक गट, मधोमध सामाईक अंगण आणि गटागणिक एक सहकारी गृहनिर्माण संस्था. भूखंड लहान, भिंतीला भिंत लागलेली. ज्याने हा नकाशा काढला त्याच्या डोळ्यांसमोर अंगणात खेळणारी मुले आली असतील. आमच्या वाट्याला आधी आले ते गटाराचे झाकण, कपडे वाळत घालायची दोरी आणि शेजाऱ्याच्या पत्र्यावरून आपल्या दारात पडणारे पावसाचे पाणी.

‘सहकारी’ हा शब्द आपण पत्त्यात लिहितो आणि विसरतो. खरे तर भांडणाच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९०४चा पहिला सहकार कायदा पतपेढ्यांपुरता होता, १९१२च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी झाली. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्या कामामागचे मोठे नाव. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. पुढे मुंबई प्रांताचा १९२५चा स्वतंत्र कायदा आला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६०चा, ज्यावर आपण आजही चालतो. या सगळ्या कायद्यांतून एक धागा आहे. संस्थेच्या कारभारावरून सभासदांत वाद झाला तर तो थेट दिवाणी न्यायालयात न्यायचा नाही. आधी निबंधकाकडे, त्याने नेमलेल्या लवादाकडे. १९७४च्या दुरुस्तीने त्यासाठी सहकार न्यायालये आली. ९१ कलम म्हणतात ते हेच. दिवाणी दाव्यातले वादी-प्रतिवादी निकालानंतर आपापल्या वाटेने जातात. आपल्याकडे जिंकलेला आणि हरलेला दोघेही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गेटमधून दूध आणायला बाहेर पडतात. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते, असे मला या वह्या वाचून वाटू लागले आहे.

पहिल्या वहीतले अक्षर पहिल्या सचिवांचे. ते गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली, पण युनियनच्या सभांची शिस्त सुटली नाही. तेव्हा निम्म्या घरांना पत्र्याचेच छप्पर होते, अंगणात खडी पसरलेली, दिवा एक. त्या दिव्याखाली चटईवर सभा भरायची आणि हे गृहस्थ सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण, सगळे लिहून घ्यायचे. लोक हसायचे. दोरीच्या भांडणाला सूचक कशाला हवा? पण त्या दोरीचा ठराव मी वाचला. दोरी कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, जमिनीपासून किती फुटांवर, ओले कपडे किती वाजेपर्यंत, चादरी कोणत्या वारी. खाली दोघींच्या सह्या. एकीला लिहिता येत नव्हते, तिचा अंगठा. त्या दोरीवरून नंतरच्या दहा वह्यांत एकही अर्ज नाही.

याउलट ज्या ज्या ठिकाणी ‘आपसात मिटले’ एवढेच लिहिले आहे, ते प्रकरण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा वर आलेले दिसते. माझ्या मते ‘आपसात मिटले’ हे मराठीतले सर्वांत धोक्याचे दोन शब्द असावेत. काय मिटले, कोणी काय कबूल केले, किती दिवसांत करायचे, यातले काहीच त्यात नसते. बहुतेक वेळा जो हळू बोलतो तो गप्प बसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता भिंतीचे प्रकरण. जुन्या सभासदांना ते पाठ आहे, तरी लिहिते, कारण संस्थेने कायदा त्या चार वर्षांत शिकला.

सहा नंबरने वरचा मजला चढवला. समितीने त्याला ना हरकत दाखला दिला, नकाशा नीट न पाहता. ही चूक समितीची आणि ती वहीत कबूलही आहे. पहिल्याच पावसाळ्यात सात नंबरच्या स्वयंपाकघरातली भिंत झिरपू लागली. भांड्यांची मांडणी त्याच भिंतीला. सात नंबरच्या वहिनी रोज सकाळी मांडणीखालचा पोतेरा पिळायच्या आणि तो पिळताना सहा नंबरच्या दाराकडे तोंड करून पिळायच्या. बोलाचाली झाली, मग शिव्या, मग एके संध्याकाळी धक्काबुक्की. दोघांनी एकमेकांवर एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवली. काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार, तेव्हा चॅप्टर केस. हा शब्द मुंबईत सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याचा उगम थोड्यांना माहीत असतो: फौजदारी प्रक्रिया संहितेचे आठवे प्रकरण, कलम १०७, शांतता राखण्याची हमी. कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेल्या सहायक पोलीस आयुक्तांपुढे दोघांनी बॉण्ड लिहून दिला. १ जुलै २०२४पासून नवी संहिता आली, आता तेच कलम १२६ झाले आहे. बॉण्डने हात थांबले. भिंत झिरपतच होती.

हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोलिसांचा कायदा भांडण थांबवतो. भांडणाचे कारण काढून टाकणे हे त्याचे काम नाही. महापालिकेकडे अर्ज गेला, तिथून बांधकामाबद्दल नोटीस आली, तिला उत्तर गेले. शेवटी सात नंबरने सहकार न्यायालयात संस्था आणि सहा नंबर दोघांनाही प्रतिवादी केले. मुद्दा समितीच्या दाखल्याचा, म्हणजे कारभाराचा. सात नंबरशी बोलू नये असा अलिखित नियम तेव्हा अंगणात झाला होता, कारण ‘संस्थेला कोर्टात खेचले’. कोजागरीच्या दुधाला त्या घराला बोलावणे गेले नाही. आज वाचताना लाज वाटते. त्या माणसाने कायद्याने दाखवलेल्या दारातून आत जाण्यापलीकडे काय केले होते?

तारखा पडत गेल्या. पण एक गोष्ट घडली, जी अंगणात घडत नव्हती. न्यायालयात एक जण बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावे लागते. चार वर्षांत पहिल्यांदा सहा नंबरने सात नंबरचे म्हणणे अखंड ऐकले आणि सात नंबरला कळले, की सहा नंबरने मजल्यासाठी सोने गहाण टाकले आहे, पाडायचे म्हटले तर तो संपेल. न्यायाधीशांनी दोघांच्या वकिलांना विचारले, भिंत कोरडी झाली तर आणखी काय हवे आहे? उत्तर कोणाकडेच नव्हते.

मग दोघांनी मान्य केलेला एक अभियंता आला. त्याने सांगितले, दोष मजल्याचा नाही, दोन भिंतींच्या मधल्या फटीचा आणि पन्हळीच्या उताराचा आहे. तडजोडनामा झाला. फट भरून वॉटरप्रूफिंग सहा नंबरने ३१ मेच्या आत करायचे. खर्चाचे तीन वाटे. एक सहा नंबरचा, एक सात नंबरचा आणि दाखला देताना डोळे मिटले म्हणून एक संस्थेचा. परांची सात नंबरच्या ओट्यावर उभारू द्यायची, काम सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एकादशीला बंद, कारण सात नंबरच्या आजी त्या दिवशी पोथी वाचत. दोन पावसाळे भिंत कोरडी राहिली की सात नंबरने तक्रार मागे घेतली असे समजायचे. ओल आली तर पुन्हा न्यायालयात यायची मोकळीक. न्यायालयाने तडजोडनाम्यावर आदेश केला. परांचीच्या बल्ल्यांची दोन भोके सात नंबरच्या बाहेरच्या भिंतीत नंतर बुजवली, तिथले सिमेंट अजून वेगळ्या रंगाचे दिसते. दोन्ही घरांचे आजही फारसे येणे-जाणे नाही. कोजागरीला दोन्ही घरे येतात, वेगवेगळ्या टोकांना बसतात. एवढी शांतता पुरेशी आहे असे माझे मत आहे. गळ्यात गळे घालायला लावणे हे ना कायद्याचे काम, ना समितीचे.

थकबाकीच्या बाबतीत मात्र आपण लवकर शहाणे झालो. सहकार कायद्याखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेता येतो आणि त्यावर जप्तीपर्यंत जाता येते. एका सभासदाची नोकरी गेली, तीन वर्षे मेंटेनन्स थकला. उपविधींप्रमाणे तेव्हा व्याज सालीना २१ टक्क्यांपर्यंत लावता येत होते, आणि पूर्ण २१ लावा असे म्हणणारेही होते. समितीने नोटीस काढली, पण नोटिशीबरोबर हप्त्यांचा कागदही पाठवला. त्या गृहस्थांनी नंतर मला सांगितले, “नुसता कागद आला असता तर मी मनावर घेतला नसता, नुसती नोटीस आली असती तर मी भांडलो असतो.” अठरा हप्त्यांत पैसे फिटले.

१९९२-९३च्या दंगलींचा उल्लेख दुसऱ्या वहीत दोनच ओळींचा आहे: रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या आणि गेटला नवे कुलूप. त्या पाळ्यांत आपल्याकडची सर्वधर्मीय पोरे एकत्र होती, हे मी स्वतः चहा नेऊन दिला म्हणून जाणते. पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला गेला आणि १९९८ साली त्याचा अहवाल आला. त्याच काळात मुंबईत पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्याआधी भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने हा प्रयोग केला होता आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली होती. त्यांच्या समित्यांचे मर्म मला फार घरगुती वाटते: दंगलीच्या दिवशी ओळख करून घेता येत नाही, ती आधी नळावरच्या, गटारावरच्या किरकोळ तक्रारींसाठी महिन्या-महिन्याला बसून करून ठेवावी लागते. आपल्या तक्रार अर्जांचा इतिहास लिहिताना मला संकोच वाटला नाही, तो त्यामुळेच.

आता एक पान असे, जे मी वगळावे असे दोघांनी सुचवले. ते वगळत नाही.

चौथ्या वहीत एका घरातल्या ‘कौटुंबिक वादा’बद्दल समितीची बैठक नोंदवली आहे. नवरा दारू पिऊन बायकोला मारायचा. आवाज सगळ्या अंगणाला ऐकू यायचा. समितीने त्याला बोलावले, समज दिली, त्याने सगळ्यांसमोर हात जोडले, बायकोलाही बोलावून ‘आता सांभाळून घ्या’ म्हटले आणि वहीत ते दोन शब्द पडले: आपसात मिटले. मी तेव्हा समितीत नव्हते, पण सभासद म्हणून त्या खोलीत होते आणि काहीही बोलले नाही. दोन वर्षांनी ती बाई दोन्ही मुलांना घेऊन निघून गेली; त्या दोन वर्षांत आवाज बंद झाला नव्हता, फक्त खिडक्या बंद व्हायला लागल्या होत्या. तिच्या बाजूने त्या दिवशी खोलीत कोणी नव्हते. आम्ही तिला शांतता दिली नाही, स्वतःला दिली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५चा, तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. आज असा प्रकार झाला तर संरक्षण अधिकारी आहे, दंडाधिकाऱ्याकडून राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळतो. पण मारहाण तर त्याआधीही गुन्हाच होती. कोणता वाद मध्यस्थीने सोडवायचा आणि कोणता नाही, हे न कळणारा मध्यस्थ मारणाऱ्याचा वकील होतो. सहकार कायद्यात व्यवस्थापक समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्यातल्या एका जागेवर मी पुढे आले, तेव्हा पहिला ठराव मी हाच मांडला, की मारहाणीच्या तक्रारीवर समिती बैठक घेणार नाही, त्या बाईला विचारून पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जाईल. सातव्या वहीत तो ठराव आहे. एका मताने मंजूर झाला.

लोकअदालतीचा आपल्याला एकदाच उपयोग झाला, तोही एका सभासदाच्या चेकच्या प्रकरणात. १९८२ साली गुजरातेत उना येथे पहिली लोकअदालत भरली. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आल्यावर तिच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळाले. त्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. सभासद सकाळी गेले, संध्याकाळी मोकळे होऊन आले. ते म्हणाले, सात वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी विचारले की तुम्हाला नेमके किती हवेत.

सध्या आपल्या तरुण मंडळींत २०२३च्या मध्यस्थी कायद्याची चर्चा असते. संसदेने त्यात सामुदायिक मध्यस्थीचे एक प्रकरण घातले आहे. एखाद्या वस्तीतल्या रहिवाशांची किंवा कुटुंबांची शांतता, सलोखा बिघडेल असा वाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे न्यायचा. मध्यस्थ म्हणजे वकीलच हवा असे नाही. परिसरातली मान असलेली व्यक्ती चालते, रहिवासी संघटनेचा प्रतिनिधी चालतो. वाचताना मला आमचे पहिले सचिव चटईवर बसलेले दिसले. पण त्याच प्रकरणात असेही म्हटले आहे, की अशी तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलात आणता येणार नाही. यावर माझे मन दुभंगले आहे. दोरीसाठी, गाडीसाठी, डीजेच्या आवाजासाठी तसा कागद पुरेल. तिथे अंगणाची लाजच अंमलबजावणी करते. भिंतीसाठी तो पुरला नसता. ३१ मेची तारीख सहा नंबरने पाळली, कारण तडजोडनाम्याच्या मागे आदेश होता.

आपल्या उपविधींतही या सगळ्याची मांडणी आहे, फक्त ती पाने कोणी उघडत नाही. तक्रार आधी पदाधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, समितीने पुढच्या बैठकीत निर्णय करून पंधरा दिवसांत कळवायचे. त्याने समाधान झाले नाही तर कोणता विषय उपनिबंधकाकडे, कोणता सहकार न्यायालयात, कोणता महापालिकेकडे, कोणता पोलिसांकडे आणि कोणता आपल्याच सर्वसाधारण सभेपुढे, याची यादी तिथे दिली आहे. पार्किंग सर्वसाधारण सभेचा विषय आहे. व्हॉट्सॲप ग्रुपचे नाव त्या यादीत नाही.

अकराव्या वहीची सात पाने कोरी आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे, चौदा दिवस आधी सूचना प्रत्येकाच्या दारात मिळेल. गणसंख्या वीस. गेल्या वर्षी सोळाच जण आले, सभा अर्धा तास तहकूब करावी लागली आणि पुन्हा भरली तेव्हा निर्णय त्या सोळांनीच घेतला; त्या निर्णयावर उरलेल्या एकोणीस घरांतून वर्षभर कुरकुर ऐकतो आहोत. यंदा विषय क्रमांक चार ‘अंगणात दुचाकी लावण्याबाबत आलेले तीन अर्ज’ असा आहे. ज्यांना त्यावर बोलायचे आहे त्यांनी आपले म्हणणे लिहून आणावे, सचिवांना द्यावे आणि पोच घ्यायला विसरू नये.